चौघांसाठी सोडलेली जागा

१४ सप्टेंबर १९८४, शुक्रवार. माणसे पाच.

आझुसावाच्या कारखान्याची पांढरी गाडी त्या दुपारी घाट उतरताना ओल्या रस्त्यावरून घसरली आणि कठडा तोडून नदीच्या पात्रात गेली. गाडीत चालक हिराबायाशी होते, वय छप्पन्न. त्यांच्याखेरीज चौघे होते: पॅकिंग विभागातला मोमोसे कान्जी, पत्रेकामातला कारासावा, सर्किट जुळवणीवरची निशिना आणि भांडारातली फुजिमोरी. पाचांपैकी कोणी वाचले नाही.

पुढच्या वसंतात कामगार कार्यालयाने निर्णय दिला. गाडी चालवणे हे हिराबायाशींचे काम होते, म्हणून ते कामावर असताना गेले. उरलेले चौघे कारखान्याच्या वाद्यवृंदात वाजवणारे होते, आणि वाजवणे ही त्यांची हौस होती. एकाच गाडीत, एकाच क्षणी, एक माणूस कामावर मरण पावला आणि चार माणसे मजेत असताना. कागदावर ते तसेच राहिले.

त्या गाडीत सहावी जागा होती. ती किओसावा तामीएची. ऐन वेळी परदेशी पाठवायच्या मालाची एक खेप तपासायची राहिली, म्हणून ती मागे थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने जाऊन ती त्यांना गाठणार होती. गिटार तिने गाडीतून पुढे पाठवली. पेडल मात्र कापडात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवले, कारण पेडल दुसऱ्याच्या हाती द्यायला तिचे मन घेत नसे.

कारखान्यात पेडलच बनत. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाला थोडे फाडणारी, तापवणारी ही पायाखालची डबी. बाहेरचे लोक तिला ओव्हरड्राइव्ह म्हणत आणि आझुसावाचे लोक नुसते 'डबी'. दरीतल्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी तिथे कामाला होते. बायका सर्किटला डाग देत, पुरुष पत्रा कापत, आणि तयार डबी शेवटी तपासणीच्या टेबलावर येई. तामीए अठराव्या वर्षी त्या टेबलाशी बसली. डबी जोडायची, कानावर हेडफोन घालायचे, टेबलाला बांधलेल्या गिटारवर एक पूर्ण कॉर्ड, म्हणजे सगळ्या तारा एकदम, छेडायची, मग एकच सूर. तिन्ही नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवायचे, खरखर येते का पाहायचे. बटण दाबायचे, सोडायचे. डबी पुढे सरकवायची.

तिला गिटार येत नव्हती. तिला ती एक कॉर्ड आणि तो एक सूर येत होता. दोन वर्षे ती एवढेच वाजवत होती, तेव्हा एकदा पॅकिंगचा मोमोसे कान्जी खोके घेऊन जाता जाता थांबला.

"काय गं, दिवसभर हेच? दुसरं काही येत नाही की मना केलंय?"

"येत नाही."

"म्हणजे रोज जेवायला बसतेस आणि पहिल्या घासाला उठतेस." तो हसला. "पाचनंतर उपाहारगृहात ये. उरलेलं ताट दाखवतो."

उपाहारगृहात, भात वाढायच्या कट्ट्यामागे, गिटारचा आवाज मोठा करणारा, काचेच्या व्हॉल्व्हचा एक जुना अ‍ॅम्प ठेवलेला असे. टेबले भिंतीला लावली की तिथे चौघे वाजवायला उभे राहत. कान्जी बेस वाजवायचा. कारासावाचे ड्रम होते. निशिना कीबोर्डवर असे आणि फुजिमोरी गायची. गिटारवाला लग्न करून नागोयाला गेला होता. तामीए वर्षभरात त्याच्या जागी उभी राहू शकेल इतके शिकली. बोटे तिची पक्की होती; दोन वर्षांच्या एकाच कॉर्डने निदान मनगट तरी घडवले होते. फसली ती आवाजात.

रंगाला खोट आलेली एक डबी तिला कारखान्यातूनच मिळाली होती, पिवळी, एका कोपऱ्यावर पापुद्रा निघालेली. घरी तिने ती एका उसन्या छोट्या अ‍ॅम्पला लावली आणि रात्रभर मनाजोगता आवाज जुळवला. पहिला नॉब, जो आवाज फाडतो, तो पूर्ण उघडला. अ‍ॅम्पचा खर्ज भरपूर वाढवला, टीपही वाढवली, मधला पट्टा कमी केला. आवाज असा भरून आला की खोलीच्या चारही कोपऱ्यांत तीच होती. दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात चौघांबरोबर तोच आवाज लावून तिने सुरुवात केली, आणि ती कुठेच नव्हती. हात चालत होते, अ‍ॅम्प घुमत होता, पण ऐकू येत होता तो एक गढूळ गोंगाट. तिने आवाज वाढवला. गोंगाट वाढला.

कान्जीने हात वर करून सगळ्यांना थांबवले.

"तामी-चान, उठ."

"काय झालं?"

"माझ्या खुर्चीवर बसलीयस. खाली जो खर्ज आहे ना, ते माझं घर आहे. आणि वर टिपेला कारासावाच्या झांजा आहेत, तिथंही तू पाय पसरून बसलीयस. आणि मधे, जिथं कुणी नाहीये, तिथनं मात्र उठून गेलीस."

"पण घरी छान वाटत होतं."

"घरी काय, एकटं माणूस पूर्ण गादीवर झोपतं."

कारासावा ड्रमवरून ओरडला, "तुला कसं माहीत रे, ब्रह्मचाऱ्या?" आणि निशिना इतकी हसली की तिला बसावे लागले.

मग कान्जी गुडघे टेकून डबीपुढे बसला. त्याने अ‍ॅम्पचा खर्ज उतरवला आणि डबीचा पहिला नॉब जवळजवळ बंद केला. तिसरा, जोराचा, जवळजवळ पूर्ण उघडला. "फाडायचं काम अ‍ॅम्पला करू दे. त्याचं वय झालंय, त्याला जमतं. डबीने फक्त मागून ढकलायचं." मधल्या नॉबवर त्याने बराच वेळ घालवला, तिला तोच सूर पुन्हा पुन्हा छेडायला लावून. ही डबी जात्याच खर्ज छाटते आणि मधला पट्टा, जिथे माणसाचा बोलण्याचा आवाज असतो, तो पुढे काढते. तिने आजवर हजारो डब्या हातांखालून घातल्या होत्या आणि हे तिच्या कधी ध्यानात आले नव्हते, कारण तपासणीच्या टेबलावर प्रत्येक डबी एकटी ऐकली जाते. शेवटी कान्जी उठला. "वाजव."

तिने वाजवले. आवाज किरटा होता, नाकात बोलल्यासारखा, पोकळ.

"याला सर्दी झालीय," ती म्हणाली.

"झालीय खरी. आता आम्ही येतो."

खालून बेस आला आणि तिच्या आवाजाला जमीन मिळाली. झांजांनी वर छप्पर घातले. निशिनाच्या कीबोर्डने बाजूच्या भिंती उभ्या केल्या, आणि मधल्या अरुंद जागेत तामीएचा सूर स्वच्छ, प्रत्येक शब्द ऐकू यावा तसा उभा राहिला. हलक्या हाताने छेडले तर तो जवळजवळ साधा राही. जोर दिला की काठाला फाटे, घोगरा होई, आणि बोट सैल करताच परत शांत. बाकीच्यांनी जिथे जागा सोडली होती तिथेच तिने बसायचे होते, आणि ती बसली तशी त्यांनाही जागा मिळाली. तामीए त्या वेळी एकवीस वर्षांची होती. आपण कुठल्याशा ठिकाणी नेमके मावतो हे तिला त्या संध्याकाळी प्रथम समजले.

त्यानंतर सहा वर्षे तिने ते तीन नॉब हलवले नाहीत.

वाद्यवृंद दर उन्हाळ्यात कारखान्याच्या आवारात वाजवी, वर्षअखेरीच्या मेजवानीत वाजवी. निशिनाने एक चाल रचली होती. तिला नाव नव्हते; सगळे तिला 'आपली ती' म्हणत. त्यांनी काही ध्वनिमुद्रित केले नाही. पुढच्या वर्षी करू, असे कोणी तरी दर वर्षी म्हणे.

१९८४ च्या ऑगस्टअखेर विभागप्रमुख उसुई जेवणाच्या रांगेत तामीएच्या मागे उभे राहिले. समुद्राकाठच्या मुख्य कंपनीचा वर्धापनदिन होता, पंधरा सप्टेंबरला.

"किओसावा-सान, तुमच्या मंडळींनी तिथं वाजवलं तर काय बहार येईल, नाही का?"

"हो, साहेब."

"अर्थात तुमची इच्छा असेल तर. हिराबायाशी-सानना गाडी घेऊन मोकळं ठेवलंय मी. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी निघालात तर मुक्कामाला वेळेत पोचाल."

गाडी ठरली होती, चालक ठरला होता, निघायची वेळ ठरली होती. इच्छा तेवढी विचारायची राहिली होती. हा हुकूम आहे हे न समजणारे माणूस आझुसावात एकही नव्हते, आणि त्याला हुकूम म्हणणारेही नव्हते.

शुक्रवारी सकाळी, नेहमीप्रमाणे, सगळे कामगार आवारात रांगांनी उभे राहिले. अर्ध्या दिवसाचे काम सोडून पाच जण जाणार, म्हणजे त्यांचा भार बाकीच्यांवर पडणार. अशा वेळी चार शब्द बोलायचे असतात. तामीए त्या वर्षी वाद्यवृंदाची प्रमुख होती. ती पुढे गेली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "आमच्या स्वतःच्या हौसेसाठी आम्ही तुम्हा सगळ्यांना त्रास देत आहोत. आमचा हा हट्ट आपण पोटात घालावा." मागे उभे असलेले चौघेही वाकले. समोरच्या रांगा वाकल्या. उसुईदेखील वाकले. माणसाला लग्नाला जायचे असो की दवाखान्यात, ते हेच बोलते. न बोलले तर उद्धट ठरते.

सात महिन्यांनी कामगार कार्यालयातून आलेल्या माणसाने तिला विचारले, "हे शब्द तुम्ही उच्चारलेत?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केली होती?"

तिने उसुईंचे रांगेतले बोलणे आठवून पाहिले. त्यात जबरदस्ती म्हणून दाखवता येईल असा एक शब्द नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

दीडशे माणसांनी ते शब्द ऐकले होते. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी तेच सांगितले, कारण ते खरेच बोलले गेले होते. कोणी खोटे बोलले नाही. चौघांच्या घरच्यांनी वरच्या कार्यालयाकडे दाद मागितली, तिथूनही तेच उत्तर आले. कान्जीचे वडील त्यानंतर तीन वर्षे जगले. शेजारच्या एका लग्नात कोणी तरी सहज म्हणाले की तुमचा मुलगा निदान आनंदात तरी गेला. ते ताटावरून उठले आणि पुन्हा कुणाच्या घरी जेवायला गेले नाहीत. मुलगा कामावर असताना गेला, एवढे एक वाक्य त्यांना हवे होते. ते त्यांना मिळाले नाही.

कट्ट्यामागच्या अ‍ॅम्पला कुणी हात लावीना. शेवटी उसुईंनी तो हातगाडीवर घालून तामीएच्या घरी पोचवला. घर नदीच्या वरच्या अंगाला, सफरचंदांच्या बागांमध्ये होते. तिचे वडील होते तोवर दोघे, नंतर ती एकटी. मागच्या कोठीत लोणच्याच्या पिंपांशेजारी तिने अ‍ॅम्प ठेवला, एक जुनी गिटार विकत घेतली, आणि रविवारी दुपारी ती तिथे 'आपली ती' वाजवू लागली. फक्त स्वतःचा भाग. जिथे आठ ठोके निशिनाच्या कीबोर्डसाठी सोडलेले असत तिथे ती हात तारांवर ठेवून थांबे आणि आठ ठोके गेले की पुन्हा सुरू करी. आवाज तोच, नाकातला, पोकळ. खाली जमीन नाही, वर छप्पर नाही. बागेतून जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिला विचारले होते की यंत्र बिघडले आहे का.

पहिल्या हिवाळ्यात तिला एकदा राहवले नाही. बर्फ दाराला लागला होता, कोठीत पाय गोठत होते, आणि तो किरटा आवाज तिला सोसवेना. ती वाकली, पहिला नॉब उघडला, अ‍ॅम्पचा खर्ज वाढवला. कोठी एकदम भरून गेली. उबदार, गोल, चारही कोपऱ्यांत पुरणारा आवाज. तिने बराच वेळ वाजवले, आणि निशिनाच्या आठ ठोक्यांशी आली तेव्हा थांबायची आठवण राहिली नाही. थांबायची गरजच उरली नव्हती. तिथे आता जागा नव्हती.

ती गिटार खाली ठेवून पिंपावर बसून राहिली. मग कान लावून, सूर छेडून छेडून, तिने पहिला नॉब आणि अ‍ॅम्पचा खर्ज परत जुन्या जागी आणले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लाल रंगाची छोटी बाटली आणली. डबीच्या आतला स्क्रू एकदा नेमका बसवला की त्याच्या डोक्यावर या रंगाचा ठिपका देतात; रंग वाळला की स्क्रू हलत नाही, आणि हलवला तर ठिपका तुटून चोरी उघड होते. तिने तिन्ही नॉबच्या मुळाशी एकेक ठिपका दिला.

अशी चौदा वर्षे गेली. लग्नाची दोन स्थळे आली, ती तिने नाकारली. त्याला मोठे कारण नव्हते. तपासणीच्या टेबलावर तिच्याकडे शिकायला बायका येत, शिकत, दुसऱ्या विभागात जात. हेडफोन घातले की तिच्याशी कुणी बोलत नसे.

१९९८ च्या मार्चअखेरीला कारखाना बंद होणार असे ठरले. डब्या आता दक्षिणेकडच्या दुसऱ्या देशात बनणार होत्या. उसुई तोवर कारखान्याचे प्रमुख झाले होते आणि त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. आस्थापना विभागातला आराई नावाचा तिशीचा माणूस तामीएच्या टेबलाशी आला.

"किओसावा-सान, निरोपाच्या समारंभात तुम्ही वाजवावं असं साहेबांच्या मनात आहे. म्हणजे, तुमची इच्छा असेल तर."

तिने हेडफोन काढले. तेच शब्द पुन्हा कानांवर आले होते.

"माझ्या इच्छेचं राहू दे," ती म्हणाली. "साहेब सांगताहेत का, ते सांगा."

आराई गोंधळला. "सांगताहेत असं... म्हणजे साहेबांना बरं वाटेल."

"आराई-सान, सरळ बोलून बघा एकदा. जीभ झडत नाही. साहेबांनी मला वाजवायला सांगितलंय. हो की नाही?"

"हो," तो शेवटी म्हणाला, आणि चोरी कबूल केल्यासारखा लाल झाला.

"मग वाजवते."

त्या रविवारी ती कान्जीच्या आईकडे गेली. मोमोसे हात्सु तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या होत्या. खाली शेगडी असलेल्या, रजईने झाकलेल्या ठेंगण्या मेजाखाली पाय घालून बसल्या होत्या. त्यांनी चहा ओतला आणि मुळ्याच्या पाल्याचे लोणचे पुढे सरकवले.

"खा. यंदा खारट झालंय. हात थरथरतो, मीठ जास्त पडतं."

तामीएने खाल्ले. खारट होते. 

"काकू, त्या दिवशी सकाळी मी जे बोलले..."

"चौदा वर्षांनी आठवलं होय?"

"रोज आठवतं."

"मलाही." हात्सुंनी पेला दोन्ही हातांत धरला. "तू बरोबरच बोललीस. तसंच बोलतात. मी असते तर मीही तसंच बोलले असते."

"पण ते खरं नव्हतं."

"खरं नसतंच ते. म्हणून तर बोलतात गं. सगळ्यांना माहीत असतं. हे कार्यालयवाले बाहेरनं आले, त्यांना कुणी सांगायचं?"

"मी सांगायला हवं होतं."

 म्हातारीने लोणच्याची बशी आणखी थोडी पुढे ढकलली. निघताना, दारात, तामीए बूट घालत असताना त्या मागून म्हणाल्या, "कान्जीचे वडील गेले तेव्हा मी फोटोपुढं बसून सांगितलं, तो कामावर असतानाच गेला म्हणून. माझ्या सांगण्याला काय किंमत. पण सांगितलं." मग म्हणाल्या, "मी येते समारंभाला. मागं कुठं तरी बसेन."

समारंभ अठ्ठावीस मार्चला दुपारी उपाहारगृहातच होता. यंत्रे निघून गेली होती, टेबले भिंतीला लावली होती. आराईने मात्सुमोतोहून ध्वनियंत्रणेचा माणूस बोलावला होता, चटपटीत आणि मनाचा चांगला. तामीएने डबी जोडून सूर छेडला तसा तो धावत आला.

"अहो बाई, तुमच्या पेडलला सर्दी झालीय!"

चौदा वर्षांत तिला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू आले नव्हते. ती जवळजवळ हसली.

"एकटं वाजवणार ना? मग हे चालायचं नाही. खर्ज वाढवा, मधलं कमी करा, थोडं घुमवू. नाही तर मी मागं टेप लावतो, ड्रम, बेस, सगळं तयार मिळतं." तो वाकला आणि त्याचे बोट लाल ठिपक्यांवर थांबले. कारखान्यांत काम केलेला असावा, कारण त्याने हात मागे घेतला. "हे सील केलंय?"

"हो."

"कुणी?"

"तपासणी विभागाने," ती म्हणाली. "टेप नको."

उसुईंचे भाषण झाले. त्यांनी सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार मानले आणि 'आपल्यातून अकाली निघून गेलेल्या संगीतप्रेमी सहकाऱ्यांची' आठवण काढली. मग त्यांनी तामीएला बोलावले.

ती ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिली. समोर दीडशेच्या जागी साठेक माणसे होती. मागच्या दाराशी हात्सु बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून. पुढे येणाऱ्याने आधी वाकायचे असते. तामीए वाकली नाही. पहिल्या रांगेतल्या बायका तिच्याकडे पाहू लागल्या.

"चौदा वर्षांपूर्वी बाहेर आवारात मी म्हणाले होते की आम्ही आमच्या हौसेसाठी जातोय," ती म्हणाली. तिचा आवाज किरटा झाला होता. "ते खरं नव्हतं. आम्हाला जायला सांगितलं होतं. गाडी ठरवून, चालक ठरवून, वेळ ठरवून सांगितलं होतं. उसुई साहेबांनी सांगितलं, मी 'हो' म्हणाले. मोमोसे, कारासावा, निशिना, फुजिमोरी कारखान्याच्या कामाला गेले आणि वाटेत मेले. मी त्या दिवशी बोलले ते शब्द आज मागे घेते."

 आराई भिंतीकडे पाहत होता. इतके सरळ बोलणे त्या खोलीत पूर्वी कुणी ऐकले नव्हते, आणि ऐकल्यावर चेहरा कसा ठेवायचा हे कुणाला ठाऊक नव्हते. तामीएने कुणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिने पायाने बटण दाबले आणि 'आपली ती' सुरू केली.

आवाज पोकळ होता. भिंतींवर आपटून परत येत होता. ती स्वतःचा भाग वाजवत गेली, जोर द्यायचा तिथे जोर दिला, सूर काठाला फाटला, बोट सैल केले, निवळला. निशिनाच्या जागेशी आल्यावर तिने हात तारांवर ठेवला आणि थांबली. खोलीत अ‍ॅम्पची नुसती गुणगुण राहिली. तरुण मंडळींना वाटले ती विसरली. एकाने टाळी वाजवायला हात उचललाही. पण पत्रेकामातला एक जुना माणूस, कारासावाच्या शेजारी काम केलेला, डोळे मिटून मान हलवत होता, आठव्या ठोक्यापर्यंत. दारापाशी हात्सुंचा हात गुडघ्यावर पडत होता, हळू, जिथे जिथे कान्जीचा बेस यायचा तिथे तिथे. म्हातारीने ती चाल कुठे ऐकली असेल? कान्जी घरी सराव करत असणार, लोणच्याच्या बरण्यांमध्ये बसून, त्याचाही नुसता एकट्याचा भाग. तिला त्या चालीचा तेवढाच भाग येत होता आणि तामीएला दुसरा.

चाल संपली. टाळ्या पडल्या नाहीत. उसुई खुर्चीवरून उठले, तामीएच्या दिशेने वळले आणि कमरेत वाकले, खूप खाली, आणि बराच वेळ तसेच राहिले. लोकांनी ते पाहिले. मग ते ताठ झाले आणि खाली बसले. तोंडातून त्यांनी एक शब्द काढला नाही. वाकण्याची नोंद कुठेही होत नाही हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

बाहेर आवारात, वितळत्या बर्फाच्या कडेला, हात्सु तिची वाट पाहत उभ्या होत्या.

"ऐकलं," त्या म्हणाल्या.

"काकू, थंडी आहे. चला, सोडते घरी."

"आधी नाही बोललीस." त्यांनी तिच्या बाहीला धरले. हे दोष देणे होते की नव्हते हे तामीएला कळले नाही, आणि तिने विचारले नाही. बाही धरूनच दोघी फाटकापर्यंत गेल्या.

एप्रिलमध्ये तामीए कामगार कार्यालयात गेली, बरोबर हात्सु आणि कारासावाची बहीण. खिडकीतला माणूस सौजन्याने बोलला. त्याने सगळे ऐकून घेतले, मान डोलावली, आणि सांगितले की मृताच्या वारसांना नव्याने दावा करायची मुदत पाच वर्षांची असते. ती संपून नऊ वर्षे होत आली होती. उसुईंना पत्र पाठवले, त्यांचे उत्तर आले की इतक्या जुन्या गोष्टीतले नेमके शब्द आपल्याला स्मरत नाहीत आणि सर्वांच्या मनःस्तापाबद्दल आपण अत्यंत दिलगीर आहोत.

तामीए आता शहरातल्या एका रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते. तिथे यंत्रांचा आवाज इतका असतो की बोलावे लागत नाही. रविवारी दुपारी ती कोठीत बसते. लाल ठिपके अजून तुटलेले नाहीत.

हिराबायाशी यांच्या पत्नीला कामावरील मृत्यूबद्दलचे निवृत्तिवेतन मिळते. मोमोसे, कारासावा, निशिना आणि फुजिमोरी यांच्या घरी काहीही दिले गेलेले नाही, आणि ते चौघे कामावर होते असे कारखान्याने किंवा कार्यालयाने अद्याप म्हटलेले नाही.